चिंधी बांधलेली शेंग

४ ऑक्टोबर

खारू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे. गुडघा सोडला तर मीही बरा आहे. इतक्या वर्षांनी भावाचं पत्र आलं की माणसाच्या मनात आधी वाईटच येतं, म्हणून हे सगळ्यात वर लिहिलं. वहिनी म्हणत होती, "पाकिटावरच लिहा ना, म्हणजे वन्संना फोडायची भीती वाटणार नाही." पण ते पोस्टमनने वाचलं असतं आणि उद्या सगळ्या उतारावर बातमी पसरली असती, की म्हाताऱ्याच्या घरी कोणी मेलेलं नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोन तू ठेवून दिलास की संपलं. पत्र ठेवून दिलंस तरी ते तुझ्या घरात कुठेतरी पडून राहतं.

इकडचं सांगतो. आपला उतार आता नुसता उतार राहिलेला नाही. सरकारी कार्यालयाने त्याला जपायची जागा ठरवलंय. खाली रस्त्यालगत मोठी पाटी आहे आणि तिच्यावर माझा फोटो, टोपी घातलेला. टोपी त्यांचीच. दगडी बांध, जिन्यासारख्या एकावर एक पट्ट्या, त्यांवर आपला चिमणडोळ्या घेवडा, हे सगळं होतं तसंच राहिलं पाहिजे म्हणतात. रविवारी बस भरून पाहुणे येतात. बरोबर कार्यालयाचे साहेब असतात. पोरगेलेसे आहेत, मला काका म्हणतात.

तू विकलेल्या खालच्या पट्ट्यांवर हॉटेल उभं आहे. त्याच्या खिडक्या आपल्या उताराकडे आहेत. तिथे उतरलेले लोक चहा पीत पीत मला खुरपताना बघतात. म्हणजे तू विकलंस म्हणून त्यांना बसायला जागा झाली, आणि मी विकलं नाही म्हणून बघायला काही उरलं. (हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. आता वाचलं तर टोमण्यासारखंच वाटतंय. खोडत नाही, कागद घाण दिसेल.)

डोंगरावरचा कोरडा वारा सुरू झालाय. तो उतरायच्या आधी आपला घेवडा काढून, वाळवून डब्यात गेलेला असायचा. यंदा जरा मागे राहिला. हवा बदललीय, सगळेच म्हणतात.

आता एक बारीकसं काम. जुनी बियाणी गोळा करून थंड खोलीत वर्षानुवर्षं ठेवणाऱ्या एक बाई महिनाअखेरीला येणार आहेत. त्यांना आपल्या घेवड्याचं बी हवंय. माझ्याकडे आहे. भरपूर आहे. गैरसमज नको. पण तू लग्नात नेलेल्या दाण्यांची पुढची पिढी तुझ्याकडे अजून असेल, तर मूठभर पाठव. शेजारी ठेवून बघायला. बस, एवढंच.

मेहुण्यांना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

दादा

१९ ऑक्टोबर

खारू,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "चिंधी कुठल्या रंगाची बांधतोस?" बाकी सगळं कोरं. तिकिटाचे पैसे तरी वसूल करायचे होतेस.

मी तुझ्याकडे काय मागितलं आणि तू काय विचारतेस? चिंधीचा इथे काय संबंध? ज्या वेली आधी शेंगा धरतात, त्यांच्या पहिल्या झुपक्याला आई चिंधी बांधायची, हे मला तू शिकवणार? चिंधी दिसली की हात लावायचा नाही, ती शेंग बियाण्याची. देव जरी भुकेला आला तरी त्याला दुसरी शेंग द्यायची, असं आई म्हणायची. तुला तेवढंही कळत नव्हतं. एवढीशी होतीस, चिंधीच्या शेंगा खिशात कोंबून पळालीस, आणि आईने खिसे उलटे केले तर दाणे, खडे, एक मेलेला किडा, काय काय निघालं. तेव्हापासून तू खारू. नाव मीच ठेवलंय, विसरू नकोस.

लाल बांधतो. झालं समाधान?

तू जमीन विकलीस तेव्हा मी हॉटेलवाल्यांच्या माणसांसमोर बोललो, त्याचा राग तू अजून धरून आहेस, हे मला त्या एका ओळीतही दिसतं. मी म्हणालो होतो, आता तुझ्याकडे माती नाही, घरचं बी परत कर. तू म्हणालीस, कुंडी आहे. आणि मी म्हणालो, "कुंडीत शेती कर, मग वाटीत तळं खण." सगळे हसले. विनोद होता, खारू. विनोदाला माणूस एवढी वर्षं धरून बसतं का?

बाई तीसला येणार आहेत. पाठवायचं तर लवकर पाठव. नाही पाठवलंस तरी माझं काही अडलेलं नाही.

दादा

३० ऑक्टोबर

खारू,

बाई येऊन गेल्या.

तू काही पाठवलं नाहीस. बरोबरच आहे. मी पाठवलं नसतं.

वहिनीने ओसरी झाडली, मी पुन्हा झाडली. बाई चांगल्या निघाल्या. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायल्या, गुडघ्याची चौकशी केली. त्यांच्या पिशवीत जाड कागदाची पाकिटं होती, प्रत्येकावर लिहायला जागा. मी डब्यातलं बी वाटीत काढून पुढे ठेवलं. त्यांनी एक दाणा नखावर धरला, डोळा बघितला. डोळा तसाच आहे, काळा, भोवती तपकिरी कडा. दिसायला काही फरक नाही, खारू. दिसायला काहीच नाही.

बाई म्हणाल्या, "आजोबा, हा वाऱ्याच्या आधी पिकणारा घेवडा ना? म्हणूनच आम्हाला हवाय. अशा पातळ मातीत एवढ्या लवकर येणारा दुसरा नाही आमच्याकडे."

मी वाटीतले दाणे बोटाने सारखे केले.

"बी पहिल्या शेंगांचंच धरता ना?"

तेवढ्यात बाईंबरोबर आलेले साहेब म्हणाले, "अहो बाई, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे! विचारता काय?"

आणि मी मान डोलावली.

वहिनी दाराशी होती. ती खोकली. आपल्याकडे सर्दी कोणालाच नाही. मग साहेबांनी मला आणि बाईंना शेजारी उभं करून फोटो काढला. "काका, जरा हसा." हसलो. पाकिटावर उताराचं नाव, घेवड्याचं नाव आणि राखणारा म्हणून माझं नाव लिहिलं. बाई गेल्या, आणि ते पाकीट थंड खोलीत गेलं असेल एव्हाना.

ते गेल्यावर वहिनी म्हणाली, "नंदीबैलसुद्धा ढोलकं वाजल्यावर मान हलवतो. तुम्ही तर आधीच हलवलीत."

आता खरं लिहितो. मी लाल चिंधी बांधत नाही. कुठलीच बांधत नाही. पाटी लागली त्या वर्षापासून बंद आहे. साहेब म्हणाले होते, काका, फोटोत ह्या चिंध्या कचऱ्यासारख्या दिसतात. सरकारी माणूस, मी काय बोलणार? चिंध्या गेल्या आणि पाहुण्यांना कळेना कुठली शेंग धरायची, कुठली सोडायची. ते येतात तेव्हा लवकरच्या वेलींवरच शेंगा असतात. कोवळ्या, तोडल्या की कट्‌ वाजणाऱ्या. त्या त्यांनी तोडल्या, खाल्ल्या. बियाण्याला माझ्या हाती राहिल्या त्या मागाहून येणाऱ्या वेलींच्या. पहिल्या वर्षी फरक कळला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. घेवड्याला काय, जे पेरलं तेच उगवणार. दरवर्षी थोडा मागे, थोडा मागे, आणि यंदा वारा उतरला तेव्हा अर्ध्या वेली फुलात होत्या. एका दुपारीत फुलं गळाली. मी खाली बसून बघत होतो आणि हॉटेलच्या खिडकीतून कोणीतरी माझा फोटो काढत होतं.

म्हणजे जपायची जागा झाली, आणि जपता जपता आपला घेवडा दुसराच होऊन बसला. पुढे कधी तरी कोणी ते पाकीट उघडून पेरेल. वारा येईल, वेली मरतील, आणि ते म्हणतील त्या उतारावरचं बी टाकाऊच होतं. आईच्या हातचं बी, टाकाऊ.

म्हणून मला तुझे दाणे हवेत. शेजारी ठेवून बघायला नकोत. पेरायला हवेत. माझ्याकडे काही उरलेलं नाही.

दादा

१४ नोव्हेंबर

खारू,

पार्सल आलं. पोस्टमनने दारातच दाबून बघितलं. म्हणाला, "शहरातनं बहिणीने कपडे धाडले वाटतं?" मी म्हटलं, हो. वहिनीने तिथेच सोडलं. आत नुसत्या चिंध्या. लाल चादरीच्या, एकसारख्या फाडलेल्या, गठ्ठा बांधून. तो म्हणाला, "माप जरा लहान आलंय, आजोबा."

त्यात तुझी चिठ्ठी. "आधी ह्या. बी नंतर."

मी दिवसभर जेवलो नाही. वहिनीला म्हटलं, बघ हिचा माज, थोरल्या भावाला पोस्टातून चिंध्या पाठवते. ती म्हणाली, "मग परत पाठवा." मी म्हटलं, परत कशाला, चुलीत घालतो. ती म्हणाली, "घाला." आणि काड्यापेटी आणून पुढे ठेवली. तुझी वहिनी अशी आहे. मी काड्यापेटी खिशात टाकली आणि बाहेर जाऊन बसलो.

आता तीस ऑक्टोबरचं जे पत्र आहे तुझ्याकडे, त्यातली एक गोष्ट खोटी आहे. दुसरी म्हणायला हवं, कारण पहिली, लाल चिंधीची, तुला कळलीच आहे. साहेबांनी चिंध्या काढायला लावल्या नाहीत. कचऱ्यासारख्या दिसतात असं ते एकदा म्हणाले, एवढंच. म्हणाले आणि विसरूनही गेले असतील.

खरं असं झालं. पहिल्याच बसमध्ये एक बाई होत्या, उन्हाचा चष्मा, छान कपडे. त्यांनी वेलींकडे बघून विचारलं, "आजोबा, तुम्ही कपडे शेतातच वाळत घालता का?" वाईट मनाने नाही विचारलं. पण सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्याबरोबर मीही हसलो, खारू, आणि म्हटलं, "म्हातारीची हौस आहे." म्हातारी म्हणजे आई. मग त्या पुढे गेल्या आणि मला प्रत्येक चिंधी दिसायला लागली. आईच्या जुन्या कपड्यांच्या, उन्हाने उडालेल्या, टोकाला दोरे लोंबणाऱ्या. पाटीवर माझा फोटो आणि मागे ही लक्तरं. बस गेल्यावर मी स्वतः एकेक सोडवली. कोणी सांगितलं नव्हतं.

आणि शेंगा पाहुण्यांनी तोडल्या असं लिहिलं, तेही अर्धंच. मी तोडून दिल्या. "घ्या, घ्या, खाऊन बघा." ते म्हणायचे, काय गोड आहे हो! मला तेवढं ऐकायचं असायचं. आयुष्यात मला गोड कोण म्हणालंय? रविवार आला की मी दाढी करायचो.

तू जमीन विकलीस तेव्हा मी तुला काय काय बोललो. तू निदान कागदावर सही करून, सगळ्यांसमोर विकलीस. मी दर रविवारी थोडं थोडं, हसत हसत, आणि नाव राखणदाराचं.

वेली आता वाळल्यात. नुसत्या काठ्या उभ्या आहेत. तुझ्या चिंध्या बांधायच्या कशाला? पुढच्या वर्षी बांधतो, नक्की. तू बी तेवढं आधी पाठव. उन्हाळ्यात पोस्टाचा भरवसा नसतो.

दादा

२६ नोव्हेंबर

खारू,

तू उत्तर दिलं नाहीस. दोनदा पोस्टमनला विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "रुमाल यायचेत का अजून?"

रविवारी सकाळी चिंध्या घेऊन वर गेलो. तुझ्यासाठी गेलो असं समजू नकोस. घरात तो गठ्ठा फळीवर होता आणि मी जिथे बसेन तिथून दिसत होता. कुठल्या वेलीने पहिल्या शेंगा दिल्या होत्या ते मला माहीत आहे. पाहुण्यांना दाखवून दाखवून पाठ झालंय. त्या त्या काठीला बांधत गेलो. बोटं वाकत नाहीत, गाठ बसेना, दातांनी ओढली. वाटलं होतं, बस यायच्या आत बांधून खाली येईन, म्हणजे मी तिथे नसेन. पण गुडघ्याने दगा दिला आणि मी मधल्या पट्टीवर असतानाच बस आली.

बिनपानांचा उतार आणि त्यावर लाल चिंध्या. सगळ्यांनी आधी मोबाइल काढले. एक गृहस्थ म्हणाले, "वा! हे काय, नवसाचं का?"

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण पटकन म्हणाले, "हो हो, इथली फार जुनी श्रद्धा आहे. इच्छा धरून बांधतात."

लोक पुढे सरसावले. एका मुलीने विचारलं, "आम्ही पण बांधू का? आहे का एखादी?"

खारू, तेव्हा गप्प बसलो असतो तर किती सोपं होतं! पुढच्या रविवारी साहेबांनी चिंध्यांची टोपली ठेवली असती. सगळ्या उतारावर नवसाच्या चिंध्या झाल्या असत्या आणि त्यांत बियाण्याची एक दिसली नसती. माझा फोटो अजून मोठा झाला असता.

मी म्हटलं, "नवसाचं नाही हो."

आवाज फुटला नाही नीट. ते गृहस्थ म्हणाले, "काय म्हणतायत आजोबा?"

"नवसाचं नाही. विसरलो होतो, त्याचं आहे."

मग मी बोलायला लागलो आणि थांबता येईना. काय बोललो ते सलग आठवत नाही. आई, वारा, चिंधी, मध्येच गुडघ्याचं सांगितलं, ते कशाला सांगितलं देव जाणे. म्हटलं, तुम्ही खाल्ल्यात त्या बियाण्याच्या शेंगा होत्या, आणि त्या मी दिल्या. आता इथे जो घेवडा आहे तो आमचा नाही. पाटीवर लिहिलंय तो हा नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्या बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली, तिचा आवाज ऐकू आला.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, हे आजच कशाला? आधी मला सांगायचं ना."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पुढच्या रविवारी बघू."

"आता मी वर काय कळवू?"

"खरं कळवा."

"त्याला रकाना नसतो हो, काका," ते म्हणाले. चिडून नाही. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. मला वाईट वाटलं त्यांचं. लग्न ठरलंय त्यांचं.

घरी आलो तर रविवार असूनही पोस्टमन ओट्यावर. बातमी माझ्या आधी त्याच्यापर्यंत पोचली होती. नुसती टोपी काढून डोकं खाजवलं. तो गप्प बसला हे मला जास्त लागलं.

चिंध्या अजून तिथेच आहेत. बी पाठव किंवा पाठवू नकोस. मागायला तोंड राहिलेलं नाही, म्हणून मागत नाही. नुसतं कळवलं.

दादा

९ जानेवारी

खारू,

पोस्टमन म्हणाला, "आता खिसा आलाय. कोटही येईल हळूहळू."

किती बारीक शिवलंयस गं! तपकिरी कोटाचा खिसा, वरची बाजू टाक्यांनी बंद. वहिनीने ब्लेडने उसवला, मला हात लावू दिला नाही. ताटात दाणे पडले तसा आवाज झाला आणि मला आई धान्य पाखडतेय असं वाटलं. डोळे पुसून मग बघितलं. तोच दाणा.

चिठ्ठी वहिनीने मोठ्याने वाचली. तिसऱ्या मजल्यावर रंगाच्या बादल्यांत तू दरवर्षी लावतेस. दरवर्षी चिंधी बांधतेस. समोरच्या बाई विचारतात, तुमच्याकडे कपडे वाळत घालायला चिमटे नाहीत का. "मलाही हसतात, दादा. हसतात आणि मग आत जातात." एवढं एकच वाक्य मी पुन्हा वाचायला लावलं. वाटीत तळं खणलंस तू. मी म्हणालो होतो ते थुंकीसारखं माझ्याच तोंडावर आलं, आणि आलं ते बरं झालं.

बियाण्याच्या बाईंकडे जाऊन आलो. फोनवर जमलं नसतं. बसने गेलो, वहिनी बरोबर आली, मी मध्येच उतरून पळेन असं तिला वाटत होतं. मोठी पांढरी इमारत, पंख्याचा आवाज, स्वेटर घातलेली माणसं. बाईंना म्हटलं, मी मान डोलावली ती खोटी होती, ते पाकीट फेकून द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पाकीट मागवलं, जुनं लिहिलेलं खोडलं आणि विचारलं, "ह्याला काय म्हणूया?"

"फेकणार नाही?"

"नाही. एखाद्या जागी वारा उशिरा येत असेल. फक्त खरं नाव हवं."

तर आता त्यावर लिहिलंय, उशिराचा घेवडा, आणि खाली माझं नाव आहे तसंच. वहिनी परत येताना बसमध्ये एवढी हसली की कंडक्टर बघायला लागला. म्हणाली, "नावं ठेवावी तर अशी."

चिमणडोळ्याचं पाकीट अजून रिकामं आहे. बाई म्हणाल्या, आधी उतारावर येऊ दे, वाऱ्याच्या आधी पिकू दे, मग घेऊ. राखणाऱ्याचं नाव तेव्हा लिहू म्हणाल्या. मी तुझं सांगून आलोय. तुझ्या शाळेतल्या नावाचं अक्षर चुकेल म्हणून दोनदा सांगितलं.

दादा

२७ ऑगस्ट

खारू,

पुन्हा सांगतो, कोणी गेलेलं नाही.

सगळे दाणे उगवले नाहीत. काही पट्टीच्या कडेने कुजले, काही पाखरांनी उपटले, मी झोपेतही पाखरं हाकलत होतो म्हणे. राहिले त्यांना वेळेत फूल आलं. पहिल्या झुपक्यांना चिंध्या बांधल्या. रविवारी अजून बस येते, आधीपेक्षा कमी. पाटीवरचा फोटो काढलाय, तिथे आता नुसते बांध आहेत. साहेब लग्न करून आले, पेढे घेऊन आले होते. चिंध्यांकडे बघून म्हणाले, "काका, शेंगा कुठल्या खायला द्यायच्या?" मी म्हटलं, यंदा कुठल्याच नाहीत. एक गृहस्थ रागावले. एवढ्या लांबून आलो म्हणाले. माझा हात दोनदा शेंगेकडे गेला. सवय जात नाही. पण हात परत घेतला.

काल सकाळी पहिला झुपका वाळला. शेंग हलवली की आत दाणे वाजतात. वारा यायला अजून बराच अवकाश आहे.

मी ती तोडलेली नाही. वहिनी म्हणते तोडा, पाखरं नेतील. मी तिथेच बसून असतो.

तुझा खिसा धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. येताना तो तपकिरी कोट घेऊन ये. वहिनी त्याला खिसा परत शिवून देणार आहे, पण म्हणते, रिकामा शिवायचा नाही.

दादा